टेकाडावरची चूल खरी होती

मी एक जुनी थापी आहे. गवंड्याच्या हातात असते तशीच, पण मी जन्मात एकही भिंत बांधली नाही. मित्रांनो, माझे काम नेमके उलटे. फार पूर्वी पडलेल्या भिंती आणि विझलेल्या चुली मी मातीतून मोकळ्या करत आले.

लोहाराने मला पोलादाच्या एकाच तुकड्यातून घडवले, कुठे जोड ठेवला नाही. पुरातत्त्व शिकवणाऱ्या सरांनी मला घेतले तेव्हा ते स्वतःच शिकत होते, त्यांना सर म्हणणारे कोणी नव्हते. रोज संध्याकाळी ते मला पुसत, कानस फिरवत, तेलाचा हात लावत. एकदा दगडावर आपटून माझा डावा कोपरा उडाला. तरी त्यांनी दुसरी थापी घेतली नाही. आम्ही मोहिमेवरून परतलो की त्यांची बायको दारातच विचारायची, "आली का माझी सवत?" मला त्या थट्टेचा अभिमान वाटायचा.

मग ते टेकाड आले. त्याच्या उतारावर त्या मुलखातले मूळ रहिवासी राहत होते. एका खडी कंपनीला टेकाड फोडायचे होते. हे लोक काल-परवा इथे आले, असे तिचे म्हणणे. आमचे पूर्वज याच मातीत आहेत, असे लोकांचे म्हणणे. न्यायालयाने सरांना खणून पाहायला सांगितले. लोकांचे तिथे राहणे जुने ठरले तर टेकाड त्यांचे राहणार होते, नाहीतर कंपनीचे.

त्या वस्तीत मावशींचा शब्द चाले. त्यांनी आजवर कोणाला तिथे कुदळ लावू दिली नव्हती. सर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत, नकार ऐकत, दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. शेवटी मावशी म्हणाल्या, "भाऊ म्हणते तुम्हाला. आमच्या म्हाताऱ्यांची झोप मोडणार आहात, तर फुकट मोडू नका."

आम्ही एकेक करून थर उतरवले. वरच्या थरात शिंपल्याचे मणी मिळाले. त्याखाली चूल निघाली. तीन दगड, मधे राख, शेजारी अर्धे मडके आणि त्यात जळके धान्य. मडक्याच्या काठावर बोटाने दाबून केलेली नक्षी होती. मावशींनी वाकून पाहिले आणि आपली पाण्याची घागर आणून शेजारी ठेवली. काठावर तीच नक्षी. थरांची चित्रे काढणाऱ्या बाई सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. त्या हळूच म्हणाल्या, "सर, झालं आपलं काम."

खरेच झाले होते. सरांना मात्र ते थोडे वाटले. वर्तमानपत्रवाले चुलीचा फोटो न घेताच निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झाडाखाली डबे उघडून बसले. सर एकटे खड्ड्यात उतरले. त्यांनी मला हातात घेतले आणि चुलीच्या कितीतरी खाली, म्हणजे कितीतरी जुन्या थरात, जिथे काहीच मिळाले नव्हते, तिथे छोटासा खळगा केला. खिशातून वरच्या थरातले, अजून न नोंदलेले काही मणी काढून त्यात ठेवले. माती लोटली. माझ्याच पाठीने ती थोपटली. ज्या हाताने मला आयुष्यभर तेल लावले त्याच हाताने हे केले.

जेवण झाल्यावर त्यांनी मावशींना तिथेच खणायला बसवले. मणी सापडले तेव्हा मावशी रडल्या. यावेळी वर्तमानपत्रवाले धावत आले.

पुढच्या आठवड्यात बाईंनी चित्रासाठी खड्ड्याची भिंत तासून वीतभर मागे घेतली. खालच्या पिवळ्या मातीत वरची काळी माती मिसळलेली दिसली. हललेली माती लपत नाही, हे त्यांना सरांनीच शिकवले होते. त्यांनी सरांना बोलावले.

"सर, हे काय आहे?"

"उंदराचं बीळ असेल."

बाईंनी मला उचलले आणि काळ्या डागाच्या कडेला टेकवले. तुटक्या कोपऱ्यासकट मी तिथे तंतोतंत बसले. "उंदराचं नाही, सर," त्या म्हणाल्या.

सरांनी बाईंच्या हातून मला काढून घेतले. मग म्हणाले, "त्यांच्यासाठीच केलं मी."

"त्यांनी मागितलं होतं?"

बाईंनी न्यायालयात खरे ते सांगितले. कंपनीच्या वकिलाने एवढेच विचारले, की मणी पुरता येतात तर चूल रचता येत नाही कशावरून? सरांचा सगळा अहवाल बाद झाला. टेकाड कंपनीला मिळाले.

सरांनी मला खड्ड्यातच टाकले होते. बाईंनी उचलून आणले. आता मी महाविद्यालयाच्या सामानघरात असते. कोणी माझ्या टोकाने रंगाचे डबे उघडतो, कोणी दाराला पाचर म्हणून लावतो. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही.

मध्यंतरी मावशी इथे आल्या. बाई खापरे डब्यांत भरत होत्या. मावशी उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बाई, चूल तरी खरी होती ना?"

"खरी होती, मावशी."

"मग सांगा की तसं."

"रोज सांगते. आता कोणी ऐकत नाही."

मावशींनी चुलीजवळच्या त्या अर्ध्या मडक्याच्या काठावर बोट ठेवले, नक्षीच्या जुन्या खळग्यात ते नीट बसले, आणि त्या निघून गेल्या. त्यांनी सरांचे नावही काढले नाही.

मित्रांनो, माझा गंज पुसा असे मी सांगणार नाही. उद्या कोणी विश्वासाने आपल्या वाडवडिलांची माती तुमच्यासमोर उघडली, तर तिथे जेवढे असेल तेवढेच दाखवा. थोडे असेल तर थोडे. तुम्ही त्यात भर घातलीत, तर आधीचे खरेही वाया जाते आणि त्याची शिक्षा तुम्हाला होत नाही, त्यांना होते. माझे काय, मला हात निवडता येत नाही. हात तुमचे आहेत.