न पाहिलेली चित्रं

मुलांच्या पुस्तकांची यादी करतात म्हणून त्यांना सगळे यादीबाईच म्हणत. ग्रंथालय संस्थेच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांचं टेबल. दर तीन महिन्यांनी तिथे नव्या पुस्तकांचं खोकं यायचं आणि तिथून एक यादी बाहेर पडायची: तीन ते पाच, सहा ते आठ, नऊ ते अकरा, बारा आणि पुढे. प्रत्येक पुस्तकाखाली बाईंच्या चार ओळी. त्या चार ओळींच्या भरवशावर बालवाड्या, शाळा, आईबाप पुस्तकं घेत. तेवीस वर्षं बाईंनी हे काम डोळ्यांत तेल घालून केलं होतं.

आणि आता डोळेच चालले होते.

आधी ओळीच्या मधोमध एक धुरकट ठिपका आला, मग तो पसरत गेला. समोरच्या माणसाचे कान दिसत, खांदे दिसत, चेहऱ्याच्या जागी मात्र पाटीवर ओला बोळा फिरवावा तसं काहीतरी. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होतोय, गेलेलं परत येणार नाही, कडेची नजर तेवढी राहील. बाईंनी चष्म्याचा नवा नंबर विचारला. चष्म्याचा आता उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले, तरी त्यांनी पुन्हा एकदा विचारला.

कोणाला काही सांगायचं नाही, हे त्यांनी दवाखान्याच्या जिन्यातच ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण घरात वहिनी होत्या. थोरला भाऊ गेल्यापासून दोघी दोन खोल्यांत एकत्र राहत. वहिनी घरीच शिवणकाम करत. एके दिवशी बाई विजेचं बिल उलटं धरून "बरोबर आहे" म्हणाल्या आणि वहिनींनी मशीन थांबवलं. मग सगळं सांगावंच लागलं. सगळं म्हणजे, जवळजवळ सगळं. अक्षरं लागत नाहीत एवढं बाईंनी कबूल केलं. चित्रं दिसतात अजून, असं मात्र ठोकून दिलं.

तेव्हापासून पुस्तकं घरी येऊ लागली. वहिनी मोठ्याने वाचत, बाई ऐकत आणि चार ओळी सांगत, वहिनी त्या लिहून काढत. वहिनींचं वाचन त्यांच्या मशीनसारखंच होतं: एकदा सुरू झालं की टोकाला जाऊनच थांबायचं, मग मध्ये राक्षस येवो की परी. संस्थेत संचालक हसून म्हणाले, "बाई, या वयात अक्षर सुधारलं की तुमचं!" बाईही हसल्या.

हे काम गेलं तर आपण कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. आता दिवसातून दहादा तोच यायचा. नवरा नाही, मूल नाही. चार वर्षांच्या मुलाला कुठली भीती झेपते आणि कुठली झेपत नाही, एवढंच काय ते त्यांना जगात नेमकं ठाऊक होतं.

लपाछपीचं पुस्तक त्या खोक्यात तळाला होतं. यादी छापायला जायला एक दिवस राहिला होता. वहिनींनी ते पाच मिनिटांत वाचून टाकलं. दादा, तू कुठे लपलास? दाराआड नाहीस. पलंगाखाली नाहीस. एक ते दहा मोजले. सापडलास की सांग. बस, इतकंच. वहिनींनी पुस्तक पुढे केलं, बाईंनी ते नाकाशी नेऊन पानं उलटली. कडेला थोडं निळं, थोडं पिवळं. पूर्वी त्या आधी मजकुरावर कागदाची पट्टी ठेवून नुसती चित्रंच वाचत, मग शब्द. लहानांच्या पुस्तकात खरी गोष्ट चित्रातच असते, असं नव्या शिक्षिकांना त्याच शिकवत. त्या दिवशी "हं" म्हणाल्या आणि सांगितलं: वय तीन ते पाच. गोड, खेळकर गोष्ट. चित्रं उबदार. मुलं पुन्हा पुन्हा मागतील.

यादी गेली. दीड महिन्याने एक बाई संस्थेचा जिना चढून वर आली. एका हातात ते पुस्तक, दुसऱ्या हातात यादी. औषधांच्या दुकानात कामाला आहे, असं तिने सांगितलं. मुलगी साडेचार वर्षांची. मुलीचा दादा पाच महिन्यांपूर्वी तापात गेला होता. बालवाडीच्या शिक्षिकेने यादी बघून पुस्तक आणलं आणि मुलांना गोल बसवून वाचलं. चौथ्या पानावर शिक्षिकेच्या लक्षात आलं आणि तिने पुस्तक मिटलं, पण तोवर मुलगी उठून उभी राहिली होती. त्या दिवसापासून ती दादाला शोधत होती. कपाटात, शेजाऱ्यांच्या घरात, दुकानाच्या फळ्यांमागे. परवा दुपारी ती घरातून नाहीशी झाली. तीन तासांनी इमारतीच्या मागच्या लोखंडी जिन्याखाली सापडली. म्हणाली, आता मीच लपले होते, म्हणजे दादा मला शोधायला येईल.

संचालक मान खाली घालून बसले होते. मुलीची आई यादीबाईंकडे वळली.

"हे पुस्तक तुम्ही स्वतः पाहिलं होतं?"

"हो. पाहिलं होतं."

"पाहून लिहिलंत हे?"

मुलीच्या आईने उत्तराची वाट न बघता पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ती जिना उतरून गेली. तिचा चेहरा कसा झाला होता, ते यादीबाईंना दिसलं नाही.

घरी येऊन त्यांनी पुस्तक वहिनींपुढे टाकलं. चित्रांत काय आहे ते सांगा, म्हणाल्या, एकेक पान. वहिनी सांगू लागल्या. पहिल्या पानावर दोन पलंग, दोन मुलं. दुसऱ्या पानावर एकाच पलंगावर चादर, दुसऱ्या पलंगावरची गादी गुंडाळलेली. मग दाराशी बुटांचे दोन जोड, धाकट्याचे चिखलाने भरलेले, दादाचे कोरडे. मग खिडकीकडे तोंड करून उभी असलेली आई. भिंतीवर दादाचा फोटो, हार घातलेला. शेवटच्या पानावर धाकटा त्या रिकाम्या पलंगावर बसून दहापर्यंत मोजतोय.

वहिनींनी पुस्तक मिटलं. "मला वाटलं, चित्रं तुम्ही बघितलीत. तुम्ही हं म्हणालात ना, वन्सं."

"म्हणाले," बाई म्हणाल्या.

वहिनींवर ढकलायला काहीच उरलं नाही. त्यानंतरचे चार दिवस बाईंना जेवण गेलं नाही. आठवणीने, चाचपत, त्या जुन्या याद्या काढून बसत आणि गेल्या नऊ महिन्यांतली पुस्तकं बोटांवर मोजत. एकसष्ट. त्यातल्या किती पुस्तकांतली चित्रं त्यांनी पाहिली होती? एकाही पुस्तकातली नाही. कुठल्या घरात, कुठल्या वर्गात काय उघडलं गेलं असेल, या विचाराने त्या उठून खोलीत फेऱ्या मारत, आणि खुर्चीला अडखळून पुन्हा बसत.

पाचव्या दिवशी त्या वहिनींचा हात धरून औषधांच्या दुकानात गेल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मुलगी काउंटरमागे आईच्या पायाशी बसली होती. आई आता तिला कुठेच सोडत नसे.

"मी खोटं बोलले," यादीबाई म्हणाल्या. "मी ते पुस्तक पाहिलं नव्हतं. मला दिसत नाही. नऊ महिने झाले."

मुलीची आई म्हणाली, "मी दिवसभर मुलांना औषधं देते. वय विचारते, पाकिटावर वाचते, मग देते. न वाचता दिलं तर मला कोणी कामावर ठेवेल का इथे?"

"नाही."

"सांगायचं होतं तुम्ही. कोणालाही."

"हो."

माफी मागायला आलेल्या यादीबाईंना तो शब्द उच्चारवेना. त्या आईसमोर तो फारच फुकटचा वाटला. त्यांनी फक्त विचारलं, मुलीला काय सांगितलंय. दादा गेला, असं सांगितलंय, आई म्हणाली. देवाघरी गेला, लांब गेला. यादीबाई म्हणाल्या की या वयाला 'गेला' म्हणजे परत येणारा. लपलेला म्हणजे सापडणारा. तिला सरळ शब्द हवाय.

आई पाकिटं लावत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या तोंडून तो निघत नाही. तुम्ही एवढ्या जाणत्या आहात, तुम्ही सांगा."

तो टोमणा होता की विनवणी, ते कळायला यादीबाईंना चेहरा दिसायला हवा होता. त्या काउंटरला धरून खाली जमिनीवर बसल्या. कडेच्या नजरेला एक लाल फ्रॉक आणि दोन गुडघे दिसत होते.

"तुझा दादा लपलेला नाही," त्या म्हणाल्या. "तो मेला. मेलेल्या माणसाचं शरीर थांबतं. तो श्वास घेत नाही, त्याला भूक लागत नाही, त्याला खेळता येत नाही. तू कितीही छान शोधलंस तरी तो सापडणार नाही. तुझं शोधणं चुकलं म्हणून नाही. आणि तू लपलीस तरी तो येणार नाही. आई मात्र घाबरते."

वर आईच्या हातातलं पाकीट खाली पडलं. मुलीने विचारलं,

"त्याला थंडी वाजत असेल?"

"नाही. आता कधीच वाजणार नाही."

मुलगी उठली, वाकून फळीखाली बघितलं, आणि आईच्या पायाशी जाऊन पुन्हा बसली. मग ती रडू लागली. आई खाली बसली आणि तिला घट्ट धरून स्वतःही रडू लागली. मुलीच्या डोक्यावरून ती यादीबाईंना म्हणाली, "जा तुम्ही आता. पुन्हा येऊ नका."

दुसऱ्या दिवशी संचालकांना सगळं सांगून झालं. ते म्हणाले, काही महिने सल्लागार म्हणून राहा, लोकांना कशाला कळवायचं. यादीबाईंनी नाही म्हटलं. एकसष्ट पुस्तकांची नावं छापून, ही न पाहता सुचवली होती, मोठ्यांनी आधी स्वतः पाहावीत, असा कागद सगळ्या शाळांना पाठवायला लावला. खाली स्वतःचं नाव घालायला लावलं. काही शाळांनी रागाची पत्रं पाठवली. ती वहिनींनी एकेक करून वाचून दाखवली, एकही न गाळता.

टेबल एका तरुण मुलीला मिळालं. यादीबाई घरी बसल्या. दिवस कसा संपवायचा ते त्यांना कळत नसे. वहिनींच्या मशीनजवळ बसून त्या कापडाचे तुकडे हाताने चाचपून वेगळे करत, सुती इकडे, रेशमी तिकडे.

चार महिन्यांनी बालवाडीच्या शिक्षिकेचा फोन आला. मुलगी आता लपत नाही, असं तिने सांगितलं. नवा माणूस भेटला की मात्र सांगते, माझा दादा मेला, आणि तो माणूस काय करतो ते बघत राहते. पुस्तकांच्या कोपऱ्यात अजून येत नाही. आईने सांगून ठेवलंय, तिला कुठलंच पुस्तक द्यायचं नाही.

"देऊ नका," यादीबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून देण्यासाठी टेबलाची कड शोधू लागल्या.