दानियलने पाणी नाकारलं

उमाकांत सरांनाही नेमकं हेच नाटक सापडावं! मिशनच्या जुन्या कपाटातलं, महायुद्धाच्या काळातलं इंग्रजी विनोदी नाटक. खेड्यातलं एक घर, रेशनची साखर लपवणारी आई आणि फौजेतून रजेवर येणारा मुलगा. सरांनी ते मराठीत आणलं आणि आईचं काम एस्तेरला दिलं, कारण नवापूरच्या बाजूला तिच्याइतकं हसवणारी दुसरी बाई नाही. तेव्हा तिचा मुलगा धीरज सीमेवरून रोज फोन करत होता.

आता चार दिवस फोन नव्हता आणि बातम्यांत गोळीबार. गावात रेंज म्हणजे देवाची मर्जी, म्हणून तिचा नवरा दानियल सकाळीच नवापूरला निघाला. "फोन लावस. काय कळनं ते येईसन सांगस," एवढंच म्हणाला. नाटक नको म्हणावं असं तिच्या मनात दहादा आलं. पण सणाला जमलेल्या गावापुढे जीभ रेटेना.

दुपारी चर्चच्या अंगणात नाटक रंगलं. एस्तेरने साखरेचा डबा कोंबड्यांच्या खुराड्यात कोंबला, तेव्हा लोक पोट धरून हसले. मग तार येण्याचा प्रवेश सुरू झाला आणि मांडवाच्या टोकाला तिला दानियल दिसला. मान खाली. शेजारच्या रमीबाईने त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला. त्याने हातानेच नको म्हटलं.

एस्तेरची नजर त्या पेल्यावरच खिळली. मरणाचा निरोप आणणारा माणूस तो सांगेपर्यंत पाण्याला शिवत नाही, हे या गावात लहान पोरालाही ठाऊक. तिच्या सासऱ्यांची बातमी आणणाराही असाच उभा राहिला होता.

नाटकातला नवरा झालेल्या हेमराजने तार पुढे केली. "अगं, उघडून तरी बघ." तिचा हात उठेना. लोकांना वाटलं, काय काम करते बाई! हशा पिकला. त्या हशाचा तिला आला तेवढा राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता. हेमराजला बाजूला सारून ती पुढे आली.

"धीरजना बाप, मन्हा पोऱ्या कसा शे?"

हसणं थांबलं. दानियलने तोंड उघडलं, पण आतून नुसतं घोगरं काहीतरी निघालं. त्याचा गाल टम्म सुजला होता. महिनाभर टाळलेली दाढ आज वाटेत असह्य झाली आणि नवापूरच्या डॉक्टरने ती उपटून तोंडात कापसाचा बोळा कोंबला. तासभर पाणी नको, असंही बजावलं. हे सगळं तिला मागाहून कळायचं होतं.

दानियलने तिचा चेहरा पाहिला, मग रमीबाईच्या हातातला पेला. त्याने बोळा थुंकला, पेला ओढून घेतला आणि साऱ्या गावासमोर घटाघट रिकामा केला. लालसर पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर उतरलं.

"बरा शे," तो कसाबसा म्हणाला. "मन्हासंगे बोलना."

एस्तेर रंगमंचावरच बसली आणि मोकळं रडली. कुणी तिला उठवलं नाही. मग पदराने तोंड पुसून तिने हेमराजकडे तार मागितली, कारण पुढचं वाक्य तिचंच होतं.