गौराबाईची एकादशीची कॉफी

या, असे जवळ या. मागं भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकून घेईल. पुढं सरका, मांडी घाला. आज एका बाईची आणि तिच्या पितळी पेल्यातल्या कॉफीची गोष्ट सांगतो. देवाचं नाव तिच्यात आपोआप येईल, कारण ज्या घरातली ही गोष्ट, त्या घरात ते मिठासारखं होतं.

लोधिवलीत सदूबुवा नावाचे कीर्तनकार राहत. एरवी भातशेती करायचे, सणावाराला मारुतीच्या देवळात कीर्तनाला उभे राहायचे. गौराबाई त्यांची बायको. तरुणपणी तिनं आठ उन्हाळे माथेरानच्या एका हॉटेलात भांडी घासली होती. नवव्या उन्हाळ्यात तिथल्या आचाऱ्यानं तिला चुलीपाशी येऊ दिलं, आणि तिथून ती एकच विद्या घेऊन खाली उतरली, कॉफी करण्याची. दूध आटवायचं, पूड घालून उतरवायचं, झाकण ठेवून पन्नास आकडे मोजायचे, मग सहाणेवर जायफळाचे दोन वळसे. तिसरा नाही. तिसऱ्या वळशाला कीर्तनकार पेंगतो, असं ती म्हणायची.

सकाळी एक पेला आणि कीर्तनाआधी एक. बुवा पेला रिकामा करून म्हणायचे, "गौरे, आता घसा तुजा नि शब्द देवाचं." बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

गावात बाकी सगळे चहावाले. पण बुवांच्या घरी उपासाला कॉफी होते म्हटल्यावर हळूहळू सगळ्या गावानं एकादशीला चहा सोडला. रोज चहा, उपासाला कॉफी. कुणी ठरवलं नाही, कुणी दवंडी दिली नाही. पण एकादशीला लोधिवलीत चहा मागितला असता तर लोकांनी तुमच्याकडं वळून पाहिलं असतं.

चौऱ्याहत्तर साली मुंबईहून डॉक्टरांची एक जीप आली. विमलबाई नावाच्या डॉक्टरीण आणि दोन मदतनीस. घरोघरी जाऊन त्यांनी रक्तदाब पाहिला, सकाळी कोण किती कप काय प्यालं ते विचारलं आणि चाळिशीपुढच्या प्रत्येकाला दहा शब्द सांगून, थोड्या वेळानं किती आठवतात ते मोजलं. गावाला ती मोठी गंमत वाटली. जीप गेली आणि लोक विसरून गेले.

मग आली अठ्ठ्याहत्तरची कार्तिकी एकादशी. देऊळ भरलं होतं. बुवांनी अभंग लावला, पहिलं चरण झालं, दुसरं झालं, त्यावर दृष्टांत झाला, लोक हसले, डोळे पुसले. आणि तिसरं चरण येईना. बुवांनी डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले. लोकांना वाटलं, बुवा रंगले. बायकांच्या बाजूला खांबाशी बसलेल्या गौराबाईनं मात्र ओळखलं. चरण तिच्या ओठांवर होतं. पण भरल्या सभेत बाईमाणसानं ओरडून सांगायचं कसं? शेवटी टाळकऱ्यांनीच विठ्ठलाचा गजर उचलला आणि त्या गजरात कीर्तन कसंबसं काठाला लागलं.

घरी येताना बुवा मान खाली घालून चार पावलं पुढंच चालले.

तेही एकवेळ निभावलं असतं. पण पौषात सरपंच लडकूशेठला मुंबईहून पत्र आलं. लडकूशेठनं ते देवळाच्या पारावर मोठ्यानं वाचलं. कॉफी पिणं, हृदयाचे आजार आणि स्मरणशक्ती यासंबंधीची दुसरी पाहणी फाल्गुनात होईल, ग्रामस्थांनी सहकार्य करावं.

वाचून लडकूशेठनं चष्मा काढला. "कळलं का रं? मुंबईचे डॉक्टर फुकट पेट्रोल जाळतात व्हय? पाणी किती पिता म्हणून कोन विचारतं का? काफीचंच विचारतात. म्हंजे काफीत काय तरी वंगाळ हाय! अन् बगा ना, गावात रोज काफी कोन पितं? बुवा. अन् इसरलं कोन?"

सगळ्यांच्या नजरा बुवांच्या घराकडं वळल्या. पाण्याची कळशी घेऊन निघालेली गौराबाई तिथंच उभी होती.

बावीस वर्षं. रोज दोन पेले नसले तरी एक तरी. तिनं चालता चालता हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. कुणी वैऱ्यानं केलं नसतं ते आपण आपल्या हातानं केलं, जायफळ उगाळून, पदरानं पेला धरून, हौसेनं. घरी येऊन तिनं कॉफीचा डबा माळ्यावर गाडग्यांच्या मागं सारला.

दुसऱ्या दिवशी बुवांनी विचारलं, "काफी?"

"सरली."

बुवा तसेच शेतावर गेले. तीन दिवस त्यांचं डोकं दुखत राहिलं. गौराबाईला वाटलं, विष उतरतंय. चौथ्या दिवशी डोकं दुखायचं थांबलं, पण बुवांचं बोलणंही थांबलं. पोथी उघडून बसायचे आणि पान उलटायचं राहायचं. माघात त्यांनी लडकूशेठला निरोप धाडला, हनुमान जयंतीच्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला यंदा दुसरा कुणी बघा. बावीस वर्षं काल्याचं कीर्तन बुवांचं होतं. तो निरोप ऐकून गौराबाई गोठ्यात जाऊन रडली. बुवांचं कीर्तन बंद पडलं, आणि ते आपण पाडलं, यापलीकडं तिला काही दिसेना.

फाल्गुनात जीप आली. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. विमलबाईंचे केस कानाशी पांढरे झाले होते, बाकी त्या तशाच होत्या. त्यांनी जुन्या कार्डांचा गठ्ठा सोडला आणि आनंदानं म्हणाल्या, "लडकूशेठ, तुमचं गाव आमच्या फार कामाचं. चहावाली गावं पुष्कळ आहेत, पण या सगळ्या भागात कॉफीचं गाव हे एकच. एक्केचाळीस घरं कॉफीची! मुद्दाम परत आलो."

लडकूशेठ बघतच राहिला. "काफी? आमच्यात? बाई, तुमी गाव चुकल्या. आमच्यात काफीचं घर एकच, ते बगा, बुवांचं."

"अहो, इथं लिहिलंय ना. आज सकाळी काय प्यालात? कॉफी. कॉफी. कॉफी." बाईंनी कार्डं पत्त्यांसारखी पसरली. "हे तुमचंच कार्ड. कॉफी, दोन कप."

"मी? दोन कप?" लडकूशेठनं छातीवर हात ठेवला. "म्हंजे माजं बी डोकं..."

"तुजं हुतंच कुटं?" मागून कुणीतरी म्हणालं आणि व्हरांडा हसला.

गौराबाई रांगेच्या शेवटी उभी होती. ती हसली नाही. पदर सावरून पुढं आली.

"बाई, तुमी मागं आल्या, तवा जेवला कुटं हुता, आटवतं?"

विमलबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "तुमच्याच ओसरीवर ना? वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. अजून चव आठवते."

"वरीचा भात आमी रोज खातो व्हय?"

बाईंनी कार्डावरची तारीख पाहिली. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "एकादशी!"

"एकादशी हुती. त्या दिशी सगळ्या गावानं काफीच प्याली. तुमी आजचं विचारलं, त्यांनी आजचं सांगितलं. खोटं कुनी बोललं नाय."

विमलबाईंनी पसरलेल्या कार्डांकडं पाहिलं. पाच वर्षांच्या कामातला एवढा आकडा हातातून निसटला होता. मग त्यांनी लालभडक पेन्सिल काढली, एक्केचाळीस कार्डांवर फुली मारायला घेतली, आणि मारता मारता त्यांना इतकं हसू आलं की मदतनिसांनाही आवरेना. "बरं झालं बाई, तुम्ही बोललात. नाहीतर उपासाच्या एका दिवसावरून मी सबंध गावाचं खोटंच लिहून बसले असते. आता आठवड्याचं विचारायचं, रोजचं वेगळं, उपासाचं वेगळं."

गौराबाईच्या मनात काहीतरी हललं. एवढी शिकलेली बाई. हिचंही चुकतं, आणि चुकलं की ही हसून खोडते.

"बाई, एक विचारू? काफीनं डोकं जातं, हे ठरलंय ना?"

"कुणी ठरवलं? ठरलं असतं तर विचारायला आलो असतो का? काही डॉक्टर म्हणतात हृदयाला वाईट, काही म्हणतात काही नाही. डोक्याचं तर अजून कुणालाच माहीत नाही. एका माणसाकडं बघून कळत नाही, म्हणून हजारो घरं विचारायची, पाच वर्षांनी पुन्हा विचारायची. आमच्याकडं आज नुसते प्रश्न आहेत."

नुसते प्रश्न! गौराबाई तिथून निघाली ती जवळजवळ पळतच घरी गेली.

बुवा ओसरीवर बसले होते. "अवो, उटा. कारड भरायला चला."

"मला नाय भरायचं. सगळ्या गावाम्होरं पुन्ना इसरायला येऊ?"

गौराबाई उंबऱ्यावरच बसली. "काफी सरली नवती. मी माळ्यावर टाकली. मला वाटलं, मीच तुमचं डोकं घालवलं. दोन म्हयनं झालं, मला घास गोड लागत नाय. तुमच्यासाटी नाय, माज्यासाटी चला."

बुवांनी तिच्याकडं पाहिलं. बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. आणि उपरणं खांद्यावर टाकून उठले.

विमलबाईंनी दहा शब्द सांगितले: नांगर, समई, मीठ, घोडा, चिंच, पाटी, ढग, सुई, कोयता, दोर. मग रक्तदाब पाहिला, नाडी पाहिली, पिकाचं विचारलं. आणि म्हणाल्या, "आता सांगा बुवा."

बुवांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. "नांगर. समई. मीठ. घोडा." थांबले. गौराबाई बोटांवर मोजत होती. "चिंच. ढग... दोर." ठेका चालू राहिला, शब्द संपले. बुवांची मान खाली गेली.

विमलबाईंनी जुनं कार्ड शेजारी ठेवलं. "मागं सात. आज सात. जिथल्या तिथं आहात बुवा. माझ्या निम्म्या वयाच्या मदतनिसाला काल सहाच आले."

"जिथल्या तिथं?" गौराबाईनं विचारलं. तिला ते पुन्हा ऐकायचं होतं.

"अगदी जिथल्या तिथं. मग रांगेतले लोक सांगत होते, कीर्तनात चरण विसरलात, ते कसं? आधी नीट झोप झाली होती का?"

बुवांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग गौराबाईकडं न बघता म्हणाले, "झोडनीचं भात खळ्यावर हुतं. रानडुकरं यायची. तीन रात्री राखन केली. अन् त्या दिशी कडक उपास धरला हुता. पान्याचा थेंब नाय."

"पानी नाय? अन् काफी?" गौराबाई म्हणाली. "मी पेला दिला हुता. तुमी रिकामा आणून दिला."

"गजाला दिली." गजा म्हणजे कर्जतचा मृदंगवाला. "तो तापानं कुडकुडत आला हुता. मला तर प्यायचीच नवती. अन् तुला म्हणलो, घसा झ्याक झाला." बुवांचा आवाज बारीक झाला. "एकादशीला देवळाच्या पायरीवर बायकूशी खोटं बोललो. तिसरं चरण गेलं तवाच समजलो, देवानं का नेलं ते."

"देवाला दुसरी कामं नाहीत का?" विमलबाई म्हणाल्या. "तीन रात्री जागरण, पोटात पाणी नाही, वय बासष्ट. मी माझं नाव विसरले असते."

गौराबाई आधी बुवांकडं बघत राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "अन् मी येडी, त्याच काफीला दोन म्हयनं शिव्या देतेय! ती तर यांच्या पोटात गेलीच नवती!"

"एक मात्र ध्यानात ठेवा," विमलबाई म्हणाल्या, "यावरून कॉफी चांगली असंही ठरत नाही हं. ते ठरायला अजून पुष्कळ वर्षं जातील. पण बुवांचा रक्तदाब बरा आहे, छातीत दुखत नाही. दोन पेल्यांना माझी ना नाही."

नव्या कार्डावर त्यांनी लिहिलं: कॉफी, रोज, सध्या बंद. मग गौराबाईकडं बघून त्यांनी 'सध्या बंद' खोडलं आणि लिहिलं, 'दोन महिने बंद, उद्यापासून चालू.'

जीप सुरू झाली, पारापर्यंत गेली, तेवढ्यात बुवा रस्त्यात येऊन ओरडले, "कोयता! बाई, कोयता ऱ्हायला!"

"आता धरत नाही!" जीपमधून आवाज आला.

हनुमान जयंतीला काल्याचं कीर्तन सदूबुवांनीच केलं. सकाळी गौराबाईनं माळ्यावरचा डबा काढला, पन्नास आकडे मोजले, जायफळाचे दोन वळसे दिले, आणि पेला हातात देऊन बुवांच्या समोर उभी राहिली.

"अगं पितो. जा तू."

"पिऊन हुईस्तवर मी हलनार नाय. गजा बाहेर बसलाय, त्याची मी येगळी केलीय."

बुवांनी तोच कार्तिकातला अभंग लावला. पहिलं चरण. दुसरं. तिसऱ्यापाशी ते थांबले. टाळ हातातच थांबले. लडकूशेठनं डोळे मिटून घेतले. बुवांनी खांबाकडं पाहिलं, गौराबाई दिसली, आणि मिशीत हसून त्यांनी तिसरं चरण असं उचललं की गजाच्या थापेनं देवळाची घंटा थरथरली. मुद्दामच थांबले होते ते. गौराबाईनं घरी गेल्यावर त्यासाठी दोन शब्द ऐकवले, पण ते शब्द गोड होते.

त्या पाहणीची कार्डं आज मुंबईच्या एखाद्या कपाटात असतील. हजारो घरांच्या आकड्यांत लोधिवलीचीही कार्डं असतील, आणि आकडे मोजणाऱ्याला ती कुणाच्या बोलण्यानं नीट झाली, हे कधी कळणार नाही. तुम्हाला आता कळलं आहे. तेव्हा एकादशीला तुमच्या घरी दूध आटलं, जायफळाचा वास सुटला, की पहिला घोट घेण्याआधी एवढं करा. गौराबाईची आठवण काढा.