नापास घड

मी कात्री बोलतेय. शिवणकामाची नव्हे, द्राक्षाची. माझी पाती बोटाएवढी, टोकं निमुळती. दाट घडात शिरून शेजारच्या मण्याला न दुखावता नेमका एक मणी कापायचा, एवढ्यासाठी माझा जन्म.

बारामतीच्या एका दुकानातून रंगूबाईंनी मला घेतलं. सात हंगाम त्यांनी माझ्याकडून घडांची विरळणी केली, दुसऱ्यांच्या बागांत, रोजानं. औषध मारलेल्या वेलींखाली दिवसभर हात वर करून उभं राहायचं. संध्याकाळी त्यांच्या बोटांची सालं निघालेली असत. सून वृषाली शिकलेली. ती प्रयोगशाळेसाठी नमुने गोळा करायच्या कामाला लागली, तेव्हा रंगूबाईंनी मला घासूनपुसून तिच्या हातात दिलं. "धार हाय अजून. जपून वापर."

परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत औषधाचा अंश किती उरलाय हे तपासायचं, म्हणून वृषाली बागभर फिरून घड कापते. मधले, कडेचे, उन्हातले, सावलीतले. मग पिशवीला सील, त्यावर मालकाची सही. दुसऱ्या बागेत शिरण्याआधी ती मला स्वच्छ धुते, नाहीतर एकाचं विष दुसऱ्याच्या माथी जायचं.

यंदा माघात आम्ही बावड्याला जोतीराम तात्यांच्या बागेत गेलो. तात्या तिच्या वडिलांचे जुने स्नेही. चहा झाला आणि तात्या तिला विहिरीकडच्या चार ओळींपाशी घेऊन गेले.

"पोरी, नमुना हितलाच घे."

"का हो तात्या?"

"ह्या आमच्या घरच्या खाण्याच्या. ह्यांच्यावर आमी काय मारत न्हाय."

"आणि बाकीच्या?"

"पिठ्या ढेकणाची कीड पडली गं. आठ दिस झालं मारून. समदा माल गेला असता."

त्या औषधानंतर महिनाभर घड तोडायचा नसतो. हे तात्यांना ठाऊक होतं, तिलाही.

"तुझ्या लग्नात मांडव घातलाय मी," तात्या म्हणाले.

वृषालीचा हात त्या ओळींकडे उचलला गेला. मी तिच्या बोटांत होते, मला कळलं. मग तिनं खाली मान घातली आणि ती बागेच्या मधोमध चालू लागली. मी देठ कापत गेले. माझ्या पात्यांवर पांढुरकं पुट चढत गेलं.

अहवाल आला. नापास. तात्यांचा माल परदेशी जायचा थांबला. अहवालाबद्दल बाहेर बोलायचं नसतं, म्हणून वृषाली घरी काही बोलली नाही. मला मात्र वाटलं, आपण काम चोख केलं.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही लोणी भापकरला घरी आलो. ओट्यावर छकुली, वृषालीची पाच वर्षांची लेक, वाटीभर द्राक्षं घेऊन बसली होती.

"आत्या, कुठनं आणली ही?" वृषालीनं सासूला विचारलं.

"बारामतीच्या बाजारातनं," रंगूबाई कौतुकानं म्हणाल्या. "तुझ्या जोतीराम तात्यांच्या बागंतली हायत. म्हटलं वळखीचा माल, चांगलाच आसंल."

वृषालीनं वाटी हिसकावून घेतली. पोर रडायला लागली.

"किती खाल्ली हिनं?"

"सकाळधरनं खातीय. मिठाच्या पाण्यात धुऊन दिलीत की मी!"

"हे धुऊन जात नाही, आत्या."

तिनं तिथंच तात्यांना फोन लावला.

"मग काय उकिरड्यावर वतू?" तात्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "परदेशानं नको म्हणलं. हितं कुणी नको म्हणलं का?"

उरलेली द्राक्षं घेऊन ती अन्न तपासणीच्या सरकारी कचेरीत गेली. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "ताई, तुम्ही आणलेला नमुना चालत नाही. आमच्याच माणसानं घ्यावा लागतो. अर्ज देऊन ठेवा." तिनं अर्ज दिला. त्यांचा माणूस निघेपर्यंत बावड्याची बाग रिकामी झाली होती.

छकुलीला काहीही झालं नाही. ना उलटी, ना ताप. "बघ, उड्या मारतीय पोरगी," रंगूबाई म्हणतात. वृषाली मात्र येता-जाता तिच्या कपाळाला हात लावून बघते. नक्की काय शोधायचं, कधी शोधायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही कऱ्हाटीला होतो. बागमालक महिपती आबा सहीसाठी पिशवी धरून उभे होते, वृषाली शेवटचा घड कापत होती.

"आबा, नापास झाला तर काय करणार?" तिनं विचारलं.

आबा मोकळेपणानं हसले. "न्हाय झाला पास, तर बारामती हाय की!"

तिनं मला करकचून मिटलं. इतक्या वर्षांत प्रथमच माझ्याकडून एक मणी फुटला.

वाचणाऱ्यांनो, माझी धार आता फार दिवसांची नाही. आहे तोवर एक करा. परदेशच्या गाडीआधी मला जशी बागेत नेता, तशी तुमच्या बाजाराच्या गाडीआधीही न्या. कऱ्हाटीचा अहवाल आज सकाळी आला. मी वृषालीच्या पिशवीत मिटून पडलेय, आणि आबांची गाडी बारामतीच्या रस्त्याला लागलीय.