लोखंडाला तेल

"अहो, जॅकखाली फळी घाला. तिथली जमीन भुसभुशीत आहे."

"घातलीय गं."

"मागच्या चाकांना विटा?"

"त्याही लावल्यात. आता मला टेकू लावतेस का?" श्रीनाथ गाडीखालून डोकं बाहेर काढून हसला.

शुभदाला हसू आलं नाही. लतूला कडेवर घेऊन ती ओट्याच्या पायरीवर उभी होती आणि नजर जॅकवरून हलत नव्हती. शुक्रवारची सुट्टी असल्यामुळे मागच्या शेडमधले कापडाचे लूम बंद होते. एरवी ज्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे, तिथे आज नट फिरल्याची करकरसुद्धा स्पष्ट ऐकू येत होती.

श्रीनाथ सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या ऑफिसात हिशेबनीस होता, पण हात कायम कशात तरी खुपसलेला. मिक्सर, रेडिओ, शेजाऱ्यांचे पंखे, सगळं तो उघडायचा आणि पुन्हा चालूही करायचा. फक्त त्याने जोडलेल्या प्रत्येक वस्तूतून एखादा स्क्रू उरायचा. "कंपनीवाले जास्तीचा घालतात," असं म्हणून तो स्क्रू खिडकीतल्या डबीत टाकून मोकळा व्हायचा. त्या डबीकडे बघितलं की शुभदाला धडकी भरत असे. मिक्सरचं एक वेळ ठीक होतं. पण गाडीचा ब्रेक?

ही मारुती त्यांनी जुनी घेतली होती. मागच्या महिन्यात कल्याणहून येताना कोन गावाजवळ एक टेम्पो अचानक आडवा आला. श्रीनाथने ब्रेक दाबला, तशी गाडी सगळी थरथरली, पण थांबायला तयार होईना. थांबली तेव्हा टेम्पो वीतभर अंतरावर होता आणि शुभदाच्या मांडीवरच्या लतूचं कपाळ पुढे आपटलं होतं. दोन टाके पडले. जखम भरली, पण लतूच्या भुवईवर एक गुलाबी रेघ राहिली आणि त्या दिवसापासून शुभदाने पोरीला गाडीत घेतलं नव्हतं. पुढच्या चाकांतल्या ब्रेकच्या तबकड्या, म्हणजे डिस्क, झिजल्यात, बदलाव्या लागतील, असं मेकॅनिकने सांगितलं. त्याच्याकडे नंबर लागायला वेळ होता, म्हणून श्रीनाथ दोनदा त्याचं काम नुसता बघत उभा राहिला आणि "हे मी घरी करतो" म्हणून नव्या डिस्क घेऊन आला.

रविवारी लतूचा दुसरा वाढदिवस होता. अंबाडीला शुभदाचे वडील, तात्या, नातीची वाट बघत होते. "गाडीनेच जायचं," हे श्रीनाथचं ठरलं होतं. एसटीच्या वेळा शुभदाने गुपचूप पाठ करून ठेवल्या होत्या.

निघालेला प्रत्येक नट-बोल्ट ती श्रीनाथच्या हातातून काढून घेत होती आणि स्टीलच्या वाटीत ठेवत होती.

"वाटी कशाला?"

"शेवटी रिकामी झालेली दिसायला हवी मला."

डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा कॅलिपर सुटला, तेव्हा तो नळीवर लोंबकळू नये म्हणून श्रीनाथने दोरी मागितली. दोरी सापडेना. शेवटी तिने जुन्या परकराची नाडी ओढून दिली. जुनी डिस्क गंजून घट्ट बसली होती. लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने बडवली, तेव्हा कुठे निघाली. मधोमध खोलगट, कडेला परातीसारखा काठ उभा राहिलेला. शुभदाने त्या काठावरून बोट फिरवलं. यावर विसंबून आपण पोर मांडीवर घेऊन बसत होतो!

नव्या डिस्कना दुकानातून येतानाच चिकट थर होता. श्रीनाथने तो पेट्रोलच्या फडक्याने लख्ख पुसला, दोन्ही डिस्क ओट्यावर वर्तमानपत्रावर मांडल्या आणि सगळे जेवायला गेले.

जेवण झाल्यावर त्याने डावीकडची डिस्क बसवली. कॅलिपर उचलणार, एवढ्यात लतू दुडुदुडु आली आणि आईच्या गालाला हात लावून हसली. गाल ओला लागला. शुभदाने तो चिमुकला तळवा धरून हुंगला. खोबरेल तेल.

"लतू, हात कुठे लावलास, बाळा?"

लतूने ओट्यावर उरलेल्या डिस्ककडे बोट दाखवलं.

"अहो, थांबा! कॅलिपर लावू नका!" शुभदा अशी ओरडली, की श्रीनाथच्या हातातला पाना पडला. "डिस्कला तेल लागलंय!"

"काहीतरीच. मी स्वतः पुसलंय." तरी त्याने बसवलेल्या डिस्कवरून बोट फिरवलं. बोट सुळकन घसरलं. "हे कोणी केलं?"

"म्या केलं," घरमालकीण धोंडूबाई दारातून कौतुकाने म्हणाली. "नवंकोरं ल्वाखंड उघडं टाकून जेवाया गेलाव. खाडीची हवा हाय ही! घटकाभरात तांबारा चढतो. दोन्हींना चांगलं त्याल चोळलं, पोराच्या टाळूला चोळतात तसं."

"अहो मावशी, ब्रेक आहे तो! तेलावर गाडी थांबते का? जीव घेतला असतात आमचा!"

श्रीनाथचा आवाज चढला तशी धोंडूबाईच्या चेहऱ्यावरची कळा उतरली. पदर सावरत ती म्हणाली, "मना काय म्हाईत न्हाय बाबा त्यातलं," आणि आत गेली.

 दोन शब्द शुभदाच्याही ओठांवर आले होते. पण आतल्या भिंतीला टेकवलेला होडीचा नांगर तिला आठवला. धोंडूबाईचा नवरा जाऊन किती वर्षं झाली, होडी कधीच विकली गेली, पण दर अमावास्येला म्हातारी त्या नांगराला तेल लावायची. गंजाचा एक ठिपका नव्हता त्यावर.

"ओरडायला नको होतं तुम्ही," ती हळूच म्हणाली. "त्यांच्याकडे लोखंड असंच जपतात. तेल चालत नाही, हे आपण तरी कुठे सांगितलं?"

 श्रीनाथने बसवलेली डिस्क उतरवली, दोन्ही पुन्हा पेट्रोलने धुतल्या. कोरडं फडकं तिने स्वतः फिरवलं, बोट फिरवलं, हुंगून बघितलं. नंतरच म्हणाली, "हं, लावा."

उन्हं कलेपर्यंत दोन्ही चाकं चढली. वाटी रिकामी झाली. श्रीनाथने ती पालथी करून दाखवली.

"आता आत बस आणि ब्रेक दाब. मी चाकापाशी बघतो."

तिने पाय ठेवला आणि दाबला. पॅडल सरळ खाली गेलं, पार तळाला. पायाखाली काहीच नव्हतं. 

"अहो, लागतच नाहीये!"

"लागेल. कॅलिपरमधले पिस्टन मागे सारलेत ना मी? ते पुढे यायला वेळ लागतो. दाबत राहा."

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. मग खालून काहीतरी पायाला हळूच अडलं. पुढच्या वेळी आणखी वर. लतू पोटात असताना पहिल्यांदा आतून टाच लागली होती, अगदी तसं. पॅडल घट्ट झालं आणि तिने सगळा भार टाकला तरी हललं नाही.

श्रीनाथ एकटाच गाडी घेऊन गेला, कोपऱ्यापर्यंत चार-पाच वेळा गेला-आला, दर वेळी थांबवून बघितलं. तोवर शुभदा आत जाऊन धोंडूबाईसमोर उभी राहिली.

"मावशी, चला. गाडीला कुंकू लावायचं राहिलंय."

"नगं गो. पुन्यांदा काय चुकायचं."

"चाकाला लावा. तिथे चालतं. आणि शेलार गावाला तुमच्या भावाकडे कधीची जायचं म्हणताय ना? आज नेतो."

"ह्याला पुसलंस का?" गाडी लावून दारात आलेल्या श्रीनाथकडे धोंडूबाईने डोळ्याने खूण केली.

"मावशी, चुकलं माझं," तो दारातूनच म्हणाला. "बसा तुम्ही. पण तेलाची बाटली घरी ठेवा!"

"मेल्या, तुझ्या टाळूलाच लावते ती," म्हातारी म्हणाली आणि करंडा घेऊन उठली.

चाकांना कुंकवाची बोटं लागली. धोंडूबाई मागे बसली. शुभदा पुढे बसली, क्षणभर तशीच थांबली, मग हात लांब करून ओट्यावरच्या लतूला म्हणाली, "ये."

शेलारच्या अलीकडे रस्त्यात एक म्हैस संथपणे मधोमध येऊन उभी राहिली. श्रीनाथने ब्रेक दाबला. शुभदाचा तळवा आपोआप लतूच्या कपाळापुढे गेला. ना थरथर, ना आवाज. गाडी जागच्या जागी थांबली आणि कपाळ तळव्याला लागलंच नाही.

तिचा हात तसाच हवेत राहिला. लतूने त्याच्याकडे बघितलं, आई काहीतरी मागतेय असं तिला वाटलं असावं. तोंडातलं अर्धं चघळलेलं बिस्किट काढून तिने ते त्या तळव्यावर ठेवलं.