प्रश्नाआधीचं उत्तर

प्रताप नगरच्या त्या हॉलमध्ये चप्पल काढायलाही जागा नव्हती. काटोलचे संत्र्याचे व्यापारी, उमरेडच्या बाया, त्यांच्या कडेवर तापाने मलूल झालेली पोरं. सगळ्यांच्या नजरा दादाजींच्या हातातल्या पाटीवर खिळलेल्या. शाळेत असते तशीच, लाकडी चौकटीची काळी पाटी.

"इथे देव नाही, नारळ नाही, लिंबू नाही," दादाजी म्हणाले. "आत्मासुद्धा नाही! गेलेल्या माणसाचे फक्त तरंग आहेत, तेच पाटीवर लिहितात. शुद्ध विज्ञान!"

मेघाच्या आईला, सिंधूताईला, नेमकं हेच पटलं होतं. बौद्ध घरातली बाई; अंगारा देणाऱ्या बाबाला तिने दारातूनच हाकललं असतं. पण पाटीपुढे, अक्षरापुढे, तिची मान आपोआप झुकली.

मेघाचे बाबा, नागसेन, पोटाच्या ऑपरेशननंतर दवाखान्यातच गेले. वर्षाच्या आत आईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, आणि इकडे पाटीवर बाबांचा निरोप उमटला: सुरी लावू देऊ नको, दादाजींचा लेप लाव. आईने तारीख सोडली. गाठ वाढत राहिली.

"आई, आत्मा नसतो हे तूच शिकवलं ना मले?" मेघाने विचारलं.

"मंग आत्मा हाय असं मी काहून म्हनू? तरंग हाय म्हनते ना ते! तू शिकली तं मले येडी समजून राहिली काय वं?"

मेघाने वाद घातला नाही. लंडनमधल्या अशाच एका पाटीवाल्यावरचा, दीडशे वर्षांपूर्वीचा खटला तिने वाचला होता. तिथे एका प्राध्यापकाने एवढंच केलं होतं, आत्म्याला लिहायला वेळ दिला नव्हता.

आता हॉलमध्ये दादाजींनी पाटी दोन्ही बाजूंनी कोरी दाखवली आणि काळ्या पिशवीत सरकवली. "विचारा, माय."

आईने तोंड उघडायच्या आत मेघाने पिशवी हिसकावली, पाटी बाहेर ओढली. तिच्यावर लिहिलेलं होतं: 'सिंधू, लेप सोडू नको.'

"ठेव वं पाटी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ठेवते. पण आईनं तर अजून काही विचारलंच नाही. बाबांनी उत्तर कशाचं दिलं?"

"घाई असन त्याले," एक म्हातारा पुटपुटला.

"तुमच्या शंकेने तरंग तुटले!" दादाजी ताडकन उठले.

मेघाने पिशवी उलटी केली. पाटीच्या मापाचा काळा पुठ्ठा खाली पडला. आईने तो उचलला, चौकटीत बसवला. अक्षरं गेली. काढला, अक्षरं आली. तिने पुन्हा बसवला. पिशवीतून येते असं वाटणारी लिहिण्याची करकर दादाजी टेबलाखाली नखाने काढत, हे पुढे तपासात निघालं. आणि घरची माहिती? दारात बायांजवळ बसून त्यांच्याबरोबर डोळे पुसणारी कामिनीबाई ती काढून दादाजींना पोचवत होती.

"म्हंजे ते आलेच नव्हते," आई म्हणाली. "एकदाबी नाही."

दादाजींवर खटला उभा राहिला तोवर औषधांनी आईचे केस गेले होते. गाठ काखेपर्यंत पोचली होती.

दादाजींच्या वकिलाने विचारलं, "बाई, तुम्हाला तिथं कोणी ओढत नेलं होतं?"

"नाही साहेब. आपल्या पायानं गेली. डॉक्टरले विचाराचं ते मेलेल्या माणसाले विचारलं, त्याची सजा मी भोगून राहिली." तिने न्यायाधीशांकडे पाहिलं. "याची तुमी ठरवा."

मग ती मागच्या बाकांकडे वळली. तिथे दादाजींचे भक्त अजूनही हात जोडून बसले होते.

"तुमी फक्त एक करा. कोनी उत्तर देल्लं की त्याले विचारा, तुले कसं मालूम? आन् त्याले राग आला, तं तिथून उठा."