शिळे पाणी

रोग रूपालीने ओळखला आणि बरोबर ओळखला, हे आरंभीच मान्य केलेले बरे. मी इतिहासाची प्राध्यापक आहे. पुराव्याशी भांडत नाही. जानेवारीतल्या एका सकाळी ती हॉलमधल्या काचेच्या टाकीपुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "मामा, हा मासा दगडाला अंग घासून राह्यला. शेपटीवर बघा, मीठ भुरभुरल्यावानी दिसतंय."

रूपाली माझ्या धाकट्या भावाची, नागसेनची बायको. मामा म्हणजे तिचे सासरे आणि माझे वडील, अण्णासाहेब. केदारखेड्याच्या शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त. नवीन जालन्यातल्या या घरात आम्ही चौघे राहतो. पण नागसेन बियाणे कंपनीच्या कामासाठी महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असतो, त्यामुळे प्रत्यक्षात तिघेच. टाकीतले पाच गोल्डफिश अण्णांचे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी परतली तेव्हा त्यांनी सर्वप्रथम मागितले ते हे मासे. माझे पुस्तक त्या वेळी त्यांच्या उशाशी होते. अर्पणपत्रिकेत त्यांचेच नाव आहे. ते अजूनही उशाशीच आहे. त्यावर ते चष्मा ठेवतात.

रूपाली स्टेशनजवळच्या दुकानातून निळे औषध, खडे मीठ आणि एक छोटा हीटर घेऊन आली. रोज सकाळी ती मोठ्याने थेंब मोजून औषध टाकी, दोन बादल्या पाणी काढी आणि अंगणातल्या ड्रममधले दोन बादल्या पाणी भरी. अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसत. चौथ्या दिवशी ठिपके फिके पडले.

"हिच्या हाताला गुण हाय," अण्णा म्हणाले.

"गुण औषधाला आहे, अण्णा. हाताला नव्हे."

"तू वाच तुझं पुस्तक," ते म्हणाले. आवाजात कडवटपणाचा लवलेश नव्हता. असता तर मी क्षमा करू शकले असते.

मग मी खरोखरच वाचले. तीन दिवस महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून मत्स्यरोगांवर जे सापडले ते सगळे वाचले आणि रात्रीच्या जेवणात सांगितले की ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार थांबवायचे नाहीत. रोगाचा जंतू कातडीतून सुटून पाण्यात उतरतो तेव्हाच औषध त्याला गाठू शकते. अण्णांनी घास गिळला आणि सुनेकडे वळले. "ऐकलं का? तू करून राह्यली तेच ही सांगती."

माझी तळटीप तिचे प्रशस्तिपत्र झाली होती. त्यानंतर मी काही सांगितले नाही.

सांगण्यासारखे अजून एक होते. नळाच्या ताज्या पाण्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. पाणी दिवस-दोन दिवस उघडे राहिले की तो उडून जातो. आमच्या गल्लीत नळ आठ-नऊ दिवसांनी येतो, म्हणून ड्रममधले पाणी आपोआपच शिळे असे, आणि म्हणून रूपालीचे मासे जगत होते. तिच्या यशाचे हे कारण तिला ठाऊक नव्हते. मला होते. शहराच्या टंचाईने तिची अब्रू राखली होती, आणि हे जाणणारी घरात मी एकटीच आहे, या विचाराने मला मिळालेले समाधान कोणत्याही विद्वानाला शोभणारे नव्हते.

रविवारी सकाळी गल्लीत आरोळी उठली, "नळ आला!" घरोघरी पाणी ओढायच्या मोटारी घुरघुरू लागल्या. नळ आला की शिळे पाणी झाडांना ओतायचे आणि सगळी भांडीकुंडी ताज्याने भरायची, ही इथल्या प्रत्येक घराची रीत. अण्णा अंगणात पेरूच्या आळ्यात ड्रम रिकामा करत होते. रूपालीने ताज्या पाण्याच्या पहिल्या दोन बादल्या उचलल्या आणि त्या स्वयंपाकघरात न नेता टाकीपाशी ठेवल्या.

"मामा, आज पहिलं पाणी माशांना!" तिने आतूनच ओरडून सांगितले.

"शाब्बास गं माझ्या पोरी!" बाहेरून आवाज आला.

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते. एका शब्दाचे काम होते. तिने बादली उचलली, थबकली आणि माझ्याकडे पाहिले.

"बराबर हाय ना, ताई?"

माझ्या कानात 'माझ्या पोरी' अजून वाजत होते.

"मला काय विचारतेस? गुण तुझ्या हाताला आहे."

ती ओशाळून हसली आणि तिने पाणी ओतले. मी चहा संपवला. तो गार झाला होता, एवढे मला आठवते.

अर्ध्या तासाने अण्णांची हाक आली, "शीला! रूपाली!" कित्येक दिवसांनी माझे नाव आधी आले होते.

दोन मासे कुशीवर तरंगत होते. उरलेले तीन पाण्याच्या पृष्ठाशी तोंड उघडून हवा गिळत होते. रूपालीने तोंडाला पदर लावला. मी क्लोरीनचे कारण एका वाक्यात सांगितले. अण्णा माझ्याकडे वळले.

"तुला म्हाईत होतं?"

"ताईंनी पाह्यलंच न्हाई, मामा," रूपाली रडत म्हणाली. "त्या आत होत्या. मीच येडी."

ती खोटे बोलत होती, आणि किती सफाईने! तिने माशांवर उपचार केले ते मी सोसले होते. आता ती माझ्यावर करू लागली, ते सोसवेना.

"मी इथेच होते," मी म्हणाले. "तिने मला विचारले होते. मी सांगितले नाही."

अण्णा टाकीवर वाकले. "तुला म्हाईत नसंल, असं मला कधी वाटलंच न्हाई," ते म्हणाले. "ल्हानपणापासून. वर्गात कुणाला न आलेलं तुला यायचं." हे वाक्य ऐकण्यासाठी मी पन्नास वर्षे काढली होती. नापासाचे नाव वाचावे तसे त्यांनी ते उच्चारले. मग म्हणाले, "आता काय करायचं ते सांग. जल्दी."

"शिळे पाणी हवे."

तिघांनीही अंगणाकडे पाहिले. पेरूचे आळे काठोकाठ भरले होते.

मी बादली उचलली. शेजारच्या उषाबाई पायपाने टाकी भरत होत्या.

"शिळं? आज?" त्यांनी पायप बाजूला धरला. "अहो मॅडम, ताजं न्या की लागंल तेवढं, नळ चालू हाय."

"शिळेच हवे."

"घ्या! आन् आम्ही आत्ताच मोरीत ओतलं. जरा आधी सांगायचं ना, बाई."

जरा आधी. मी पुढचे दार ठोठावले, मग त्याच्या पुढचे. रविवारच्या सकाळी, भर नळाच्या वेळी, शिळे पाणी मागत फिरणारी प्राध्यापिका लोकांनी कौतुकाने पाहिली. सहाव्या घरी म्हातारे रखमाजी ओट्यावर बसले होते. गुडघ्यांमुळे त्यांच्याने ड्रम कलंडला नव्हता.

"हाय की. पण नऊ दिवसांचं हाय, वास मारतंय थोडा."

"मारू द्या."

परतले तेव्हा तिसरा मासा गेला होता. रूपालीने कपड्यांचा रिकामा टब टाकीशेजारी आणला होता आणि उरलेले दोघे त्यात उतरवायला टाकीच्या पाण्यातच जाळीत धरून ठेवले होते. मी टबावर बादली कलती केली.

"तू नको," अण्णा म्हणाले. "रूपालीला ओतू दे. तिचा हात हळू हाय."

मी बादली तिच्या हातात दिली. मत्सर त्या क्षणी विरघळला असे लिहिणे सोयीचे झाले असते. तो विरघळला नाही. बादलीच्या कडीचा लाल वळ तळहातावर घेऊन तो तिथेच उभा होता आणि माझ्याच आवाजात सांगत होता, "हीटर टबात लाव. मासे आत सोड. औषध आज नको."

तिने एकेक गोष्ट मी सांगितली तशी केली. एक मासा तळाशी गेला, थांबला, मग त्याची शेपटी हलली. दुसऱ्याचे कल्ले उघडझाप करू लागले. अण्णांनी रूपालीच्या पाठीवर हात ठेवला. मी रिकामी बादली उचलली; टब अर्धाच भरला होता, आणि रखमाजींच्या ड्रममध्ये अजून पाणी होते.